पाच नंबरचा पाय

फौजदार हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हतं. लग्न होऊन या घरात आली त्याच महिन्यात खालच्या मजल्यावरच्या माणसानं जिन्यात कचऱ्याची पिशवी ठेवली, आणि हिनं वरून असा काही आवाज लावला की तो बिचारा पिशवी उचलून अनवाणीच रस्त्यापर्यंत पळाला. नवरा कौतुकानं म्हणाला, "अरे, ही तर फौजदार निघाली!" सासूनं कपाळाला हात लावला. "निघाली खरी," म्हणाली. तेव्हापासून घरात, जिन्यात, गल्लीत सगळ्यांची ती फौजदारच.

त्यामुळे मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिला पहारेकऱ्याची नोकरी लागली तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. गावाच्या मध्यावर दुकानांची एक मोठी इमारत होती. काचेचे दरवाजे, सरकते जिने, आत डोकं दुखेल इतकी थंड हवा. आत शिरणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासायला बायकाच लागत, म्हणून पहारा पुरवणाऱ्या कंपनीनं पाचसहा जणी ठेवल्या होत्या. काम सोपं. दाराशी उभं राहायचं, पडद्याआड पिशवी उघडून बघायची, "धन्यवाद" म्हणायचं आणि परत दाराशी उभं राहायचं. बसायचं मात्र नाही. खुर्चीच नव्हती. सुपरवायझरचं म्हणणं असं, की खुर्ची दिसली की माणूस बसतो, आणि बसला की झोपतो.

पहिल्या दिवशी गणवेश मिळाला. निळा शर्ट, निळी पॅंट, पट्टा, टोपी, शिट्टी आणि खोक्यातून काढून टेबलावर आपटलेले काळे बूट. सगळं पुरुषांच्या मापाचं. शर्टाच्या बाह्या दुमडता आल्या. पॅंट सासूनं तोंडानं बडबडत पण हातानं नेटकी आत घेऊन दिली. बुटाचं काय करायचं? बूट कुठून आत घ्यायचा?

"साहेब, हे आठ नंबरचे आहेत. माझा पाय पाच नंबरचा."

"आठच्या खाली आमच्याकडे येत नाहीत," सुपरवायझर म्हणाला. माणूस तसा दुष्ट नव्हता. आपल्याला वरून जे सांगितलंय ते खाली सांगायचं आणि खालचं वर जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम, आणि ते तो मन लावून करायचा.

"बायका कामाला येतात हे कंपनीला ठाऊक आहे ना?"

"दोन मोजे घाला, बाई. सगळ्याच घालतात. पायाला सवय होते."

सवय! पायानं बुटाची सवय करून घ्यायची. बुटाला मात्र पायाची ओळखही नको. फौजदार तिथेच काहीतरी बोलणार होती, पण पहिलाच दिवस होता. शिवाय मागून कुणीतरी तिचा शर्ट हळूच ओढला.

ती मावशी. त्या पाचसहा जणींत सगळ्यात वयस्क, काटकुळी, आणि तोंडानं गोड. कपडे बदलायच्या खोलीत नेऊन तिनं फौजदारला बूट भरायला शिकवलं. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा कापून पुढच्या टोकात बसवायचा, टाचेला जुन्या चादरीची घडी, वर दोन मोजे.

"हे बूट नव्हेत गं," मावशी म्हणाली, "होड्या आहेत. उचलायच्या नाहीत. वल्हवत जायचं."

दोघी पोट धरून हसल्या. फौजदार दिवसभर वल्हवत राहिली.

महिनाभरात तिच्या पायांची रया गेली. आठ नंबरच्या बुटात पाच नंबरचा पाय पुढे घसरायचा आणि नखं स्पंजवर आपटायची. अंगठ्याचं नख कोपऱ्यात रुतून लाल झालं. टाचेची कातडी सोलली, मग राठ झाली, मग तिला भेगा पडल्या. करंगळीवर कुरूप उठलं. दोन मोज्यांच्या घामानं बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, आणि त्यांची खाज अशी, की गिऱ्हाईक बाईची पिशवी तपासतानाही लक्ष सगळं बेचक्यांत. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची.

घरी तिनं काही सांगितलं नाही. सासूशी तिचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. नोकरीला निघतानाच सासू म्हणाली होती, "जाशील तितक्याच झपाट्यानं परत येशील." त्या बाईपुढे पाय काढून बसायचं?

पण सासूचे डोळे कुठे झाकणार? एका रविवारी फौजदार स्वयंपाकघरात पावलांच्या कडांवर तोल सांभाळत चालली होती.

"नाचतेस काय?" सासूनं विचारलं.

"फरशी गार आहे, आई."

"फरशी कालही गारच होती. बस त्या स्टुलावर. पाय दाखव."

"काही नाही हो..."

"दाखव म्हणते ना! मला फौजदारकी दाखवू नकोस."

फौजदार बसली. सासूनं चष्मा लावला, सुनेचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. तिचं सगळं आयुष्य कपड्यांच्या धुलाईखान्यात इस्त्री करण्यात गेलं होतं, उभ्यानं. तिच्या स्वतःच्या पायांची बोटं एकमेकांवर चढलेली होती आणि अंगठ्यांची हाडं बाहेर आली होती. बोलली तेव्हा तिचा आवाज चिडका होता, पण त्या चिडण्याचा रोख सुनेकडे नव्हता.

"कुणी केलं हे?"

"बुटांनी."

"बूट आपोआप पायात येत नाहीत."

तिनं कपडे भिजवायच्या टबात पाणी काढलं, त्यात मूठभर मीठ टाकलं, कोपर बुडवून पाणी फार कढत नाही ना बघितलं आणि सुनेचे पाय आत ठेवले. पाणी निवत आलं तसे पाय बाहेर काढून जुन्या मऊ कापडानं टिपले. एकेक बोट वेगळं करून, बेचक्यात कापड घालून, लहान मुलाचे कान पुसावेत तसे. "ओल इथेच दडून बसते," ती म्हणाली. "इथे तेल लावायचं नाही, काही नाही. कोरडं ठेवायचं, बास." टाचांवरून हलक्या हातानं वज्री फिरवली. फौजदार म्हणाली, "घासा की जोरात, जाऊ दे सगळं." तर हातावर चापट बसली. "तुझं कातडं आहे ते, पातेलं नव्हे." मग टाचांना तेल चोळून वर स्वच्छ सुती मोजे. रुतलेल्या नखाच्या कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सरकवली. नख सरळ कापायचं, कोपऱ्यात कात्री घालायची नाही, असा दम दिला. कुरपाला ब्लेड तर लावायचंच नाही. त्याच्याभोवती जाड कापडाची मधे भोक पाडलेली चकती बसवली, म्हणजे बुटाचा दाब चकतीवर येईल, कुरपावर नाही. आणि टाचेच्या कळेसाठी गार पाण्याची बाटली जमिनीवर आडवी ठेवून तिच्यावर तळवा पुढे-मागे फिरवायला लावला.

"सकाळी उठल्या उठल्या पाय खाली टाकायचा नाही. आधी टॉवेल तळव्याला अडकवून आपल्याकडे ओढायचा. पोटरी सैल झाली की मगच उभं राहायचं."

तेवढ्यात नवरा आला. माल पोचवायच्या गाडीवर होता तो. चावी बोटात फिरवत आत शिरला आणि दारातच थबकला.

"अरे वा! आई चक्क सुनेचे पाय धरतेय?"

"तू गप्प बस," सासू म्हणाली. "तुझे मोजे बाहेर वाळत घातलेत तर पाखरं फिरकत नाहीत तिकडे."

फौजदारला हसू आवरेना. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी टब निघू लागला. दोघी पूर्वीसारख्याच भांडायच्या, पण आता भांडताना एकीचा पाय दुसरीच्या मांडीवर असायचा, त्यामुळे भांडण फार लांबवता येत नसे.

उपाय लागू पडत होता. सुट्टीच्या दिवशी तर पाय चांगलेच निवायचे. चिखल्या सुकायच्या, टाच मऊ व्हायची. आणि दोन दिवस कामावर गेलं की परत ये रे माझ्या मागल्या. सासू मोजा काढायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! मी इथे बरं करायचं आणि त्यांनी तिथे बिघडवायचं. अगं, अंथरूण पाहून पाय पसरावेत इथपर्यंत ठीक आहे. बूट पाहून पाय कापावेत असं कुणी सांगितलंय? तुझे ते कापडी बूट घालून जा उद्या."

फौजदार गेली. सुपरवायझरनं दारातूनच परत पाठवलं. "गणवेश म्हणजे गणवेश," म्हणाला. वर गैरहजेरीही लावली.

मग सगळ्याजणींनी मिळून तक्रार केली. एकजात सगळ्यांचे पाय तसेच होते. कुणाला कुरूप, कुणाच्या टाचेवर फोड. आपापल्या परीनं प्रत्येकजण घरी शेकत होती, चोळत होती, पट्ट्या लावत होती आणि दुसरीला सांगत नव्हती, कारण प्रत्येकीला वाटायचं की आपलेच पाय नाजूक. सुपरवायझरनं ऐकून घेतलं. "वर कळवतो," म्हणाला. आणि या खेपेला, आश्चर्य म्हणजे, त्यानं खरंच कळवलं. मोठ्या ऑफिसातून एक मॅडम आल्या. सुबक कपडे, मऊ बोलणं. त्यांनी सगळ्यांना कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं आणि भिंतीवर एक गुळगुळीत रंगीत तक्ता चिकटवला.

तक्त्यावर एक नितळ गोरंपान पाऊल काचेच्या भांड्यात बुडालेलं होतं आणि पाण्यावर पाकळ्या तरंगत होत्या. वर ठळक अक्षरं: 'पायांची निगा, तुमच्याच हाती! घरच्या घरी नैसर्गिक उपाय.' खाली कोमट पाणी, मीठ, तेल, सगळं.

"किती सोपं आहे बघा," मॅडम म्हणाल्या. "औषध नाही, खर्च नाही. रोज संध्याकाळी स्वतःसाठी थोडा वेळ काढायचा. अगदी नैसर्गिक."

फौजदार तक्त्याजवळ गेली. तिला वाचायची घाई नव्हती. शेवटच्या दोन ओळींवर तिनं बोट ठेवलं आणि जिन्यात लावायची तसल्या आवाजात वाचलं, "'योग्य मापाची पादत्राणे वापरा. फार वेळ एका जागी उभे राहू नका.'"

बोट तिथेच ठेवून ती मॅडमकडे वळली.

"मॅडम, मीठ-पाणी आमच्या घरात आहे. सासू आहे. टबही आहे. त्यासाठी तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात? या शेवटच्या दोन ओळी तेवढ्या आमच्या घरात नाहीत. त्या तुमच्याकडे आहेत."

"मी तुमच्या भावना समजू शकते," मॅडम म्हणाल्या.

"भावना नव्हेत हो. पाय!"

मॅडमनी वहीत काहीतरी टिपलं, सगळ्यांना तक्त्याखाली उभं करून फोटो काढला आणि त्या गेल्या. बूट तेच राहिले. घरी येऊन फौजदारनं सगळं सांगितलं तेव्हा सासू एवढंच म्हणाली, "जखम मांडीला आणि मलम शेंडीला."

आता मावशीचं.

मावशीला साखरेचा आजार होता. गोळ्या घ्यायची, पण दुखण्याखुपण्याचं कौतुक करून घेणं तिला जमायचं नाही. एकटी बाई, भावाच्या घरी राहायची. नोकरी होती म्हणून त्या घरात मानानं राहायची. तिनं तो तक्ता मनावर घेतला. रोज कढत पाण्यात पाय सोडून बसू लागली. पाणी किती कढत आहे ते तिला कळायचंच नाही, कारण तिच्या पावलांना फारसं कळणंच उरलं नव्हतं. करंगळीवरचं कुरूप तिनं दाढीच्या ब्लेडनं तासलं आणि वर पट्टी लावली.

एक दिवस कपडे बदलताना फौजदारला तिच्या मोज्यावर ओला डाग दिसला.

"मावशी, हे काय?"

"कुरूप काढलं गं. काही नाही. अजिबात दुखत नाही, बघ." आणि पाय आपटून दाखवला.

फौजदारला ते बरं वाटलं नाही. संध्याकाळी तिनं मावशीला ओढतच घरी आणलं. सासूनं टब काढलाच होता. तिनं मावशीचा मोजा उतरवला, पट्टी उचलली आणि तिचा हात थांबला. कातडी भिजून पांढरीफटक झाली होती आणि करंगळीच्या कडेला काळसर झाक आली होती.

"साखर आहे ना तुला?" तिनं विचारलं. "इथे दाबलं तर दुखतं?"

"नाही ना! तेच तर बरं आहे."

"तेच वाईट आहे," सासू म्हणाली. तिनं टब पायानं बाजूला सारला. "याला मी हात लावणार नाही. इथे माझं मीठ नाही आणि माझं तेल नाही. ऊठ. आत्ताच्या आत्ता दवाखाना."

तिघी तशाच निघाल्या. डॉक्टर चिडले, इतके दिवस काय झोपला होता का म्हणाले. जखम साफ केली, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, पाय वर करून घरी पडून राहायचं आणि बंद बूट तर अजिबात नाही. मावशी मान डोलवत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दाराशी उभी. पायात होड्या.

"मावशी!"

"अगं, मागं ती उंच पोरगी आजारी पडली, परत आली तर तिच्या जागी दुसरी उभी. ठाऊक आहे ना तुला?"

फौजदार सुपरवायझरकडे गेली. या खेपेला तिनं आवाज चढवला नाही, चक्क हात जोडले. मावशीला एक खुर्ची द्या, नाहीतर निदान चपला घालू द्या, जखम बरी होईपर्यंत. डॉक्टरांनी सांगितलंय.

"आज त्यांना दिली तर उद्या सगळ्यांचेच पाय दुखतील," सुपरवायझर म्हणाला.

"सगळ्यांचेच दुखतायत!"

"बघा. मी म्हणालो नव्हतो?"

त्याच आठवड्यात मावशी दाराशी उभ्या उभ्या थरथरायला लागली. अंगात सणसणून ताप. एका गिऱ्हाईक बाईनंच तिला धरून खाली बसवलं. रुग्णालयात नेलं तेव्हा करंगळी वाचवण्यापलीकडे गेली होती. ती काढली, आणि शेजारच्या बोटाचंही काही खरं नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी सुपरवायझरनं सगळ्यांना उद्देशून चार शब्द सांगितले. झालं ते वाईट झालं. पण त्यांना साखर होती. आपापल्या पायांची निगा ज्यानं त्यानं राखायची असते. "कंपनीनं सगळं भिंतीवर लिहून लावलंय. आणखी काय करायचं?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. फौजदारनं ते आजवर हजारदा ऐकलं होतं, म्हटलंही होतं. त्या दिवशी ती आग तिला अंगातून वर चढताना कळली. आणि नवल म्हणजे तिच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. दिवसभर तिनं पिशव्या तपासल्या, "धन्यवाद" म्हटलं. घरी आली आणि जिन्यात कुणीतरी सायकल आडवी लावली होती तिच्याभोवतीनं गुपचूप वर गेली. नवरा घाबरला. "हिला बरं नाही," म्हणाला.

तिनं सासूला मावशीचं सांगितलं. सासू टब काढायला उठली नाही. बसल्या जागी, स्वतःच्या एकमेकांवर चढलेल्या बोटांकडे बघत म्हणाली,

"आमच्या धुलाईखान्यात खाली दगडी फरशी होती. कायम ओली. उभं राहायला एक लाकडी फळी द्या, म्हणून मी मालकाला विचारलं होतं. तो हसला. म्हणाला, घरी जाऊन गरम पाण्यात पाय बुडवत जा. गेले. बुडवले. जन्मभर बुडवतेय." मग एकदम तिचा आवाज चढला. "अगं, फळी होती ती! साधी फळी! त्याच्या मागच्या अंगणात पडलेली होती!"

दुसऱ्या दिवशी फौजदार प्रत्येकीशी बोलली. त्यातली एक कायम घाबरलेली असायची. फौजदारला वाटलं होतं ती नाही म्हणेल, पण तीच सगळ्यात आधी हो म्हणाली.

त्यानंतरच्या सकाळी सगळ्याजणी आल्या त्या कडक इस्त्रीच्या गणवेशात. टोपी, पट्टा, शिट्टी. पायांत मात्र प्रत्येकीच्या आपापल्या चपला नाहीतर कापडी बूट. हातातल्या पिशव्यांतून त्यांनी काळे बूट काढले आणि सुपरवायझरच्या टेबलावर ओळीनं मांडले. मावशीचे बूटही फौजदारनं तिच्या कप्प्यातून आणले होते. एका बुटाच्या आतलं अस्तर डागाळून कडक झालं होतं. तो तिनं त्याच्या अगदी समोर ठेवला.

"हे काय आहे?"

"तुमचे बूट. आमच्या मापाचे नाहीत. ज्याच्या मापाचे असतील त्याला द्या."

"बूट घाला नाहीतर घरी जा सगळ्या!"

"जातो की," फौजदार म्हणाली. "बायकांच्या पिशव्या कोण तपासणार आहे? तुम्ही?"

आणि त्या बाहेर जाऊन इमारतीच्या पायऱ्यांवर बसल्या. तिथे त्या पहिल्यांदाच बसत होत्या. सगळ्या दुकानांची मिळून त्या दिवशी स्वस्त विक्री होती. काचेच्या दारापुढे बघता बघता बायकांची रांग पायऱ्यांखाली, मग रस्त्यावर गेली. तपासल्याशिवाय आत सोडायचं नाही हा कंपनीचाच नियम. पुरुष आत-बाहेर करत होते आणि बायका उन्हात उभ्या. लोकांनी विचारलं की फौजदार सांगायची, एका बाईच्या पायाचं बोट गेलंय म्हणून. रांगेतल्या एका म्हातारीनं ते ऐकलं आणि तीही वाकत वाकत त्यांच्या शेजारी पायरीवर येऊन बसली. "मला काय, घाई नाही," म्हणाली. आतून दुकानदार सुपरवायझरला हाका मारत होते. तो एका कानाला फोन लावून दुसऱ्या हातानं टोपीखालचा घाम पुसत होता. शेवटी तो बाहेर आला.

"आजच्या दिवस या आत. चपलांवर."

"आजच्या दिवस नाही. बूट येईपर्यंत."

त्यानं दात-ओठ खाल्ले. "या," म्हणाला.

बूट आले. आले ते खोक्यावर 'लेडीज' असं छापून आले, आणि त्याच मॅडम ते घेऊन आल्या, आनंदानं फुलून. खोकी उघडली. चकचकीत, टोकदार, आणि खाली बोटभर उंचीची टाच!

फौजदारनं एक बूट हातात घेतला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"मॅडम, चोर पळाला तर आम्ही त्याच्या मागं धावायचं, का त्याला हा फेकून मारायचा?"

मागच्या सगळ्या फिसकन हसल्या. मॅडमचा चेहरा उतरला. "पण तुम्हाला बायकांचे बूट हवे होते ना?"

"आम्हाला पायांचे बूट हवे होते! नंबर विचारायला तोंड नव्हतं तुम्हाला? एकीला तरी विचारलंत, बाई तुझा पाय केवढा?"

नव्हतं विचारलं. मॅडमनी खोकी परत नेली. काही दिवसांनी कागद लागला, की कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी यापुढे स्वतःचे काळे, सपाट, बंद बूट चालतील. सोयीसाठी! मावशीच्या बोटाचा त्यात एका अक्षरानं उल्लेख नव्हता. खुर्ची आलीच नाही. आणि फौजदारची बदली मागच्या दाराला झाली, जिथे मालाचे ट्रक लागतात, वर छप्पर नाही आणि दिवसभर धूळ. कामाच्या गरजेनुसार, असं सुपरवायझर म्हणाला. म्हणताना त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

पण पाच नंबरच्या बुटात तिचे पाय सुधारले. चिखल्या गेल्या, नख सरळ वाढलं. कुरूप हळूहळू बसलं, त्याला कुणी तासलं नाही की जाळलं नाही. टाचेची कळ सकाळी अजून येते, पण टॉवेल ओढला की ओसरते. घरचे म्हणतात, झालं ना सगळं मनासारखं, आता सोड. नवरा तर म्हणतो, तू जिंकलीस. ती त्याच्याकडे अशी बघते की तो गाडीची चावी शोधायला लागतो.

मावशीला कामावर परत घेतलं नाही. फौजदार आणि सासू अधूनमधून तिला भेटायला जातात. मावशी भावाच्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी बसून शिवणाच्या कपड्यांना बटणं लावत असते. रोज जमिनीवर आरसा ठेवून त्यात दोन्ही तळवे बघायचे, असं दवाखान्यात तिला शिकवलंय. ते नीट करते की नाही हे सासू खोदून खोदून विचारते. चांभारानं तिला रुंद, मऊ चपला करून दिल्यात.

परवा गेल्या तेव्हा मावशीनं चहा केला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग कपात बघत तिनं विचारलं,

"तिथे कुणी विचारतं का गं, माझ्याबद्दल?"

विचारतात असं सांगणं सोपं होतं. सासूनं सुनेकडे बघितलं. पण फौजदारला खोटं बोलणं कधी जमलं नाही.

"नाही, मावशी. कुणी नाही विचारत."

मावशीनं मान हलवली. "वाटलंच होतं," म्हणाली आणि साखर न घातलेला चहा प्यायली.

परतताना फौजदार इतक्या रागानं चालत होती की सासू मागं पडली. "अगं, हळू," सासू ओरडली, "माझे पाय तुझ्याएवढे नाहीत!" तेव्हा ती थांबली, परत फिरली, आणि सासूचा दंड धरून, तिच्या चालीनं, पण तितक्याच रागानं चालू लागली.